पेजमेकर उघडेना? मग हे नक्की करा, नाहीतर चुकून दुरुस्त होईल

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगतो. पेजमेकर, म्हणजे पत्रिका-अंकांची पानं जुळवायचं आपलं जुनं सॉफ्टवेअर, ते चालू करताना जो पांढरा डबा येतो आणि त्यात इंग्रजीत दोन ओळी लिहिलेल्या असतात, त्या वाचायच्या नाहीत. वाचणारे लोक वेगळे, त्यांना कामधंदा नसतो. आपण सीझनची माणसं, दिवाळी अंक संपतात न संपतात तोवर तुळशीचं लग्न लागतं आणि पत्रिकावाल्यांची रांग, इथे ओळी वाचत बसायला वेळ कोणाला आहे. ओके दाबायचं. डबा जातो, त्याच्यासोबत पेजमेकरपण जातं. मग परत डबल क्लिक, परत डबा, परत ओके, आणि दर वेळी माऊसवर जरा जास्त जोर द्यायचा, म्हणजे प्रोसेसरला आपली तळमळ कळते.

टास्क मॅनेजर मात्र उघडू नका. तिथे आधीच्या क्लिकांचे अर्धमेले पेजमेकर एकाखाली एक पडलेले दिसतात, न धड चालू न धड बंद, आणि ते एंड टास्क केल्याशिवाय नवीन नीट उभं राहत नाही असं लक्षात आलं की उगाच हुरूप येतो. विंडोजमध्ये इव्हेंट व्ह्यूअर नावाचं पण एक खातं आहे, त्यात कुठलं सॉफ्टवेअर किती वाजता पडलं आणि ‘फॉल्टिंग मॉड्यूल’ म्हणजे पडलं तेव्हा कुठल्या फाईलपाशी अडखळलं होतं त्याचं नावसुद्धा लिहून ठेवलेलं असतं. नाव जर प्रिंटर ड्रायव्हरच्या, म्हणजे प्रिंटर चालवणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरच्या, फाईलचं निघालं तर अर्धं काम तिथेच झालं. पण एवढं सोपं असेल तर मग आपण आजवर त्या कॉम्प्युटरवाल्या पोराला दर खेपेला पैसे कशाचे दिले, हा प्रश्न येतो आणि तो गल्ल्यावर बसलेल्या मालकाला आवडत नाही.

तर फोन त्या पोरालाच लावायचा. तो विचारेल, ‘दादा, मेसेज काय आला?’ आपण म्हणायचं, ‘आला काहीतरी, एरर.’ तो विचारेल, ‘काल काही नवीन टाकलं का?’ इथे आवाज चढवायचा. ‘काहीच नाही टाकलं रे, कालपर्यंत मस्त चालू होतं!’

आता काल काय काय झालं ते फक्त आपल्यात. कोणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर ‘मराठी कॅलिग्राफी फॉन्ट संपूर्ण कलेक्शन’ अशी झिप पाठवली होती. ती उघडून कंट्रोल ए करून सगळे फॉन्ट इन्स्टॉल मारले, त्यातले निम्मे आधीपासून होतेच, तरी विंडोजने ‘रिप्लेस करू का’ विचारल्यावर आपण मोठ्या मनाने येस टू ऑल म्हणालो. एवढे फॉन्ट कशाला असं विचारायचं नाही. पत्रिकेला लागतात तेच ते चार, एक ‘श्री गणेशाय नमः’ला, एक वधूवरांच्या नावाला, एक मजकुराला आणि एक खाली ‘आमच्या मावशीच्या लग्नाला नक्की यायचं हं’ला. बाकीचे दुकानाची शोभा. गिऱ्हाईक समोर बसलं की यादी वरून खाली सरकवत दाखवायची असते, ते भारावतं आणि शेवटी म्हणतं, मागच्या वेळचाच ठेवा.

गोम अशी की हे सॉफ्टवेअर उघडताना आधी फॉन्टची यादी घेतं. त्यात एखादी फाईल अर्धवट डाऊनलोड झालेली, किंवा कोणी हौशी माणसाने घरी बसून तोडमोड केलेली असली की यादी घेता घेता ते तोंडावर पडतं. शिवाय अडोबीची, म्हणजे पेजमेकर ज्या कंपनीचं तिची, सॉफ्टवेअरं फॉन्टच्या स्वतःच्या याद्या वेगळ्या फायलीत लिहून ठेवतात, .एलएसटी वाल्या, त्या बिघडल्या तरी हाच तमाशा. या फायली काढून टाकल्या तर सॉफ्टवेअर नवीन बनवून घेतं, काही बिघडत नाही. आणि नासका फॉन्ट शोधायचा तर नंतर टाकलेल्या फॉन्टांतले अर्धे दुसऱ्या फोल्डरला काढून ठेवायचे, पेजमेकर उघडून बघायचं. उघडलं तर गुन्हेगार बाहेर काढलेल्यांत, नाही उघडलं तर अजून आतच. मग त्या अर्ध्याचे परत अर्धे. हजार फॉन्ट असले तरी साधारण दहा फेऱ्यांत एकावर बोट ठेवता येतं. आता तुम्हीच सांगा, ज्या माणसाने चार ओळींची पत्रिका सात वेळा प्रूफ बदलून दिलेली आहे तो असल्या दहा फेऱ्या कशाला मारेल? त्यापेक्षा अख्खा दिवस घालवणं परवडतं.

मग प्रिंटर. याच्याकडे तर ढुंकून बघू नका. पेजमेकर हे जुन्या वळणाचं, पान कसं बसवायचं ते आधी प्रिंटरला विचारून ठरवणारं, त्यामुळे उघडतानाच ते डिफॉल्ट प्रिंटर, म्हणजे वेगळं काही न सांगता प्रिंट ज्याच्याकडे जाते तो, कोण आहे ते बघतं. आणि आपल्या मशीनवर डिफॉल्ट कोण? तो जुना लेझर, जो भंगारवाल्याला जाऊन काळ लोटला, पण लिस्टमध्ये अजून पहिल्या नंबरवर हिरवी टिक लावून बसलाय. किंवा शेजारच्या झेरॉक्सवाल्याचा, नेटवर्कवर जोडलेला, तो दुकान उघडतो अकराला, म्हणून आपलं पेजमेकर दहाला रडतं. विंडोज १० पासून एक सेटिंग असंही आलंय की डिफॉल्ट प्रिंटर विंडोजच ठरवणार, म्हणजे तुम्ही शेवटची प्रिंट ज्याच्यावर मारली तो आपोआप डिफॉल्ट. ते बंद करून ‘मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ’ डिफॉल्टला लावलं तर पुष्कळदा पेजमेकर काही न झाल्यासारखं उघडतं. पण सॉफ्टवेअरचा आणि प्रिंटरचा काय संबंध, असं ठामपणे म्हणायचं आणि विषय संपवायचा. ठामपणे म्हटलं की पोरगासुद्धा गप्प बसतो.

सेटिंगच्या फाईलचं पण थोडक्यात सांगून ठेवतो, कारण कोणीतरी शहाणा तुम्हाला ते सुचवणारच. पेजमेकर सातमध्ये पीएम७० नावाची .सीएनएफ फाईल असते, सगळ्या सवयी त्यात, तिचं नाव बदलून ठेवलं की पुढच्या वेळी नवी कोरी तयार होते. कोरल ड्रॉ हे डिझाइनचं सॉफ्टवेअर असेल तर त्यासाठीच उघडताना एफ८ दाबून धरायचं. इनडिझाइन, तेही पानं जुळवायचंच, त्याला आयकॉनवर क्लिक केल्या केल्या कंट्रोल, ऑल्ट, शिफ्ट तिन्ही दाबून धरले की ते स्वतःच विचारतं जुन्या सेटिंगच्या फायली उडवू का. एवढी बोटं एका वेळी दाबायची म्हणजे दुसऱ्या हातातला चहा खाली ठेवावा लागतो, तेव्हा राहू द्या.

खरं दुखणं वयाचं आहे, पण ते बोलायचं नाही. पेजमेकर आलं १९८५ साली, आल्डस नावाच्या कंपनीचं, तेसुद्धा आधी मॅकवर. १९९४ ला अडोबीने आल्डसच विकत घेतली. आपण ज्याला लाडाने ‘सेव्हन’ म्हणतो ते २००१ चं, आणि ते शेवटचं. त्याच्या आधीच, १९९९ ला, खुद्द अडोबीने इनडिझाइन बाजारात आणलं होतं, म्हणजे घरच्यांनी सून आणल्यावरसुद्धा आपण सासूबाईंनाच स्वयंपाकाला जुंपलंय. विंडोज एक्सपीच्या काळातलं हे सॉफ्टवेअर स्वतःच्याच फोल्डरात सेटिंग लिहायला जातं, आणि एक्सपीनंतरच्या व्हिस्टापासून विंडोज साध्या युजरला प्रोग्रॅम फाइल्समध्ये लिहू देत नाही, म्हणून राइट क्लिक करून ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ आणि प्रॉपर्टीजमध्ये कम्पॅटिबिलिटीला एक्सपी, एवढं केलं तरी बऱ्याच ठिकाणी ते निमूट उठून बसतं. कोणी केलंच तर आपण म्हणायचं, मी आत्ता तेच करणार होतो.

इनडिझाइनवर या असं कोणी म्हणालं तर ठेवणीतलं उत्तर द्या, ‘त्यात मराठी येत नाही.’ येतं, पॅराग्राफच्या मेनूत वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडावा लागतो, नाहीतर वेलांट्या आणि जोडाक्षरं विस्कटतात. पण एकदा विस्कटलेलं बघितलं की पुरे, मेनूत शोधत बसायला आपण काय परीक्षेला बसलोय. (एक गोष्ट मात्र उपरोध बाजूला ठेवून कबूल करतो. वर्षानुवर्षांच्या पत्रिका, मंडळांचे अहवाल, संस्थांच्या स्मरणिका सगळं जुन्या फॉन्टात टाईप केलेलं, युनिकोड, म्हणजे कुठल्याही मशीनवर मराठीच दिसणारं, नसलेलं, तो फॉन्ट नसला की ‘चि. सौ. कां.’च्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं आणि टिंबं दिसतात. एवढा पसारा घेऊन घर बदलायचं म्हणजे तुमचीआमची छाती नाही, आणि ऑपरेटरला त्याचे वेगळे पैसे कोणी देत नाही.)

अँटीव्हायरसकडे वळू. ज्या सीडीवरून पेजमेकर टाकलं तिचं मूळ कोणालाच आठवत नाही, मार्करने वर ‘ऑल सॉफ्टवेअर’ लिहिलेलं, तिच्यातली क्रॅकची, म्हणजे विकत न घेता सॉफ्टवेअर चालवणारी, फाईल अँटीव्हायरसने उचलून क्वारंटाइनमध्ये, म्हणजे वेगळी कोंडून, टाकली की सकाळी सॉफ्टवेअर उघडत नाही. यावर आपला परंपरागत उपाय, अँटीव्हायरस काढा. चोर घरात सुखरूप राहिला पाहिजे.

एवढं सगळं न करून झालं की पोराला म्हणायचं, ‘फॉरमॅट मार.’ बॅकअप फक्त डेस्कटॉपचा घ्यायचा, कारण आपलं सगळं डेस्कटॉपवरच असतं असा आपला समज असतो. संध्याकाळपर्यंत विंडोज नवीन, पेजमेकर पहिल्या क्लिकला उघडतं, सगळे खूश. मग पेनड्राइव्ह लावून तीच व्हॉट्सअ‍ॅपवाली झिप, कंट्रोल ए, इन्स्टॉल. लगोलग जुन्या प्रिंटरचा ड्रायव्हर पण टाकून ठेवायचा, असावा.

तोपर्यंत सकाळपासून तीनदा चक्कर मारून गेलेला नवऱ्या मुलाचा भाऊ परत येतो. पत्रिका त्याने बाहेर मोटरसायकलवर बसून मोबाईलवरच बनवलेली असते, गणपती, मोर, क्यूआर कोड सगळं घातलेलं, आणि चुलत्याचं नाव पण बरोबर, जे आपल्याकडे तीन प्रुफांत चुकत होतं. मोबाईल पुढे करून तो म्हणतो, ‘काका, पीडीएफ पाठवलीय तुम्हाला, शंभर कॉपी मारून द्या फक्त.’

आपण प्रिंटची कमांड देतो. कमांड भंगारातल्या लेझरला जाते.