‘दंड भरला, विषय संपला’ म्हणणाऱ्यांसाठी

मॉडिफाइड गाडीवाल्यांमध्ये सध्या एक मेसेज फिरतोय. थोडक्यात असा: नोटीस आली तर घाबरू नका. सुप्रीम कोर्टाने फक्त चेसिस (गाडीचा सांगाडा) आणि इंजिन बदलायला मनाई केलीय, बाकी काहीही लावा. पोलिसांना मॉडिफिकेशन तपासायचा अधिकारच नाही, ते आरटीओचं काम. फार तर दंड भरा, विषय संपला. गाडी दाखवायला बोलावलंच, तर तेवढ्यापुरते कंपनीचे पार्ट चढवा.

मला हा मेसेज तिघांनी पाठवला. त्यातल्या एका मित्राच्या हातात आरटीओची खरोखरची नोटीस होती, म्हणून हा खटाटोप.

आधी कोर्ट. जानेवारी 2019 च्या त्या निकालात ‘बाकी काहीही लावा’ असं कुठेही नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की आरसीवरचा (नोंदणी प्रमाणपत्रावरचा) तपशील आणि कंपनीने मुळात दिलेला तपशील यांत तफावत पडेल असा बदल मालकाने करायचा नाही. कोर्टाने तेच ठासून सांगितलं आणि केरळ हायकोर्टाने दिलेली मोकळीक काढून घेतली. कलमाखाली ‘बदल’ म्हणजे गाडीच्या रचनेतला, तिचं मूळ स्वरूप पालटणारा फरक, असा खुलासा आहे. त्यामुळे सीट कव्हरसाठी कुणी तुमच्या मागे लागणार नाही, एवढं मेसेजमधलं खरं.

पण रस्त्यावर गाडी ज्यासाठी अडवतात त्या बहुतेक गोष्टी कलम 52 च्या वाटेने येतच नाहीत. फटाक्यासारखा आवाज काढणारा सायलेन्सर, मल्टिटोन हॉर्न, काळ्या काचा, डोळे दिपवणारे दिवे यांच्यासाठी वेगळे नियम आहेत. काचेचंच बघा: पुढच्या-मागच्या काचेतून किमान 70 टक्के आणि बाजूच्या काचांतून 50 टक्के प्रकाश आत यायला हवा. सुरक्षा, आवाज किंवा धुराचे निकष मोडणारी गाडी रस्त्यावर आणली की लागतं कलम 190(2). पहिल्याच वेळी 10,000 रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, वर तीन महिने लायसन्सला मुकायचं.

दिव्यांचं थोडं सविस्तर सांगतो, कारण ‘नुसता बल्ब तर बदललाय’ हे वाक्य मी फार ऐकलंय. हॅलोजनच्या हेडलाइटमधला रिफ्लेक्टर बल्बच्या तारेची जागा धरून घडवलेला असतो. त्यात एलईडी बल्ब खुपसला की उजेड निघायची जागा आणि आकार दोन्ही बदलतात. रात्री भिंतीपासून दहा पावलांवर गाडी उभी करून लो बीम लावा. कंपनीच्या बल्बचा उजेड वरच्या बाजूला रेघ मारल्यासारखा तुटतो. बदललेल्या बल्बची ती रेघ विस्कटते आणि उजेड वर सांडतो. तोच समोरच्याच्या डोळ्यात जातो.

‘पोलिसांना अधिकार नाही’ हे अर्धं खरं. आरसी निलंबित करायचं काम आरटीओचं आहे, हवालदार ते करत नाही. पण कलम 190 खाली चलन पोलीस करतात, आणि आरटीओला कळवायला त्यांना कुणी अडवलेलं नाही. बुलबारवर (बंपरपुढे लावलेल्या लोखंडी गार्डवर) कारवाई करा म्हणून तर केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानेच डिसेंबर 2017 मध्ये राज्यांना पत्र लिहिलं होतं.

आता मेसेजमधलं सगळ्यात महागात पडणारं वाक्य: दंड भरला, विषय संपला. माझा मित्र याच भरवशावर दंडाची पावती घेऊन आरटीओ ऑफिसात गेला. टेबलावरच्या माणसाने पावती बाजूला सारली आणि विचारलं, “गाडी कुठाय?”

दंड झालेल्या गुन्ह्याचा असतो, नोटीस गाडीच्या आजच्या अवस्थेबद्दल असते. कलम 53 खाली मालकाला म्हणणं मांडायची संधी देऊन, दोष दूर होईपर्यंत आरसी निलंबित करता येते. हे निलंबन सलग सहा महिने राहिलं तर नोंदणीच रद्द होऊ शकते. आदेश पटला नाही तर अपील आहे, पण 30 दिवसांच्या आत. शिवाय 2019 च्या दुरुस्तीनंतर दंड भरून मिटवलेला गुन्हाही पुढच्या वेळी आधीचा गुन्हा म्हणून धरला जातो. म्हणजे दंड भरून त्याच सायलेन्सरवर घरी गेलात, तर दुसऱ्या गुन्ह्याची तयारी करूनच निघालात.

तेवढ्यापुरते पार्ट चढवायची युक्ती चालते, खोटं कशाला बोला. पण नोटिशीत दोष लिहिलेले असतात, आणि परत तीच गाडी त्याच दोषांसह सापडली की ‘माहीत नव्हतं’ म्हणायची सोय उरत नाही. बेकायदा बदलाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे, ते वेगळंच. आणि ‘दुकानात बिलासकट मिळतं’ म्हणणाऱ्यांनी खोक्यावरची बारीक अक्षरं वाचावीत. बऱ्याचदा तिथे ‘फक्त ऑफ-रोड वापरासाठी’ असं छापलेलं असतं.

ज्याला परवानगी आहे ते आधी सरळ वाटेने करून घ्या. मान्यताप्राप्त सीएनजी किट बसवून आरसीवर चढवता येतं, लाखो गाड्या तशाच पळतायत.

मित्राच्या नोटिशीत तीन गोष्टी होत्या: सायलेन्सर, बल्ब आणि मडगार्डबाहेर दोन बोटं आलेली चाकं. त्याने तिन्ही मूळची बसवली, फिटरचं बिल, आधीचे-नंतरचे फोटो आणि एक पानाचं उत्तर जोडलं, पोच घेतली आणि गाडी दाखवायला नेली. साहेब खाली वाकले. गंजलेल्या सायलेन्सरवर कोरी करकरीत क्लॅम्प चमकत होती.

“कालच बसवला ना?”

“हो साहेब.”

“आणि काढलेला?”

“विकून टाकला,” तो म्हणाला, आणि डिकी उघडून दाखवली.