‘अ‍ॅडजस्ट करून घ्या’ म्हणू नका, माप सांगा

मुलीच्या दिवाणाचा तिसरा ड्रॉवर आज सकाळी परत चॅनलमधून, म्हणजे तो ज्यावर सरकतो त्या धातूच्या पट्टीतून, निसटला. तिची शाळेची बस यायला सात मिनिटं होती, इतिहासाची वही त्या ड्रॉवरमध्ये होती आणि ड्रॉवर तिरका होऊन अडकला होता. मी गुडघ्यावर बसून तो उचलून धरला, तिनं हात घालून वही ओढून काढली आणि ती पळाली. ड्रॉवर तसाच हातात धरून मी जमिनीवर बसले होते आणि माझं डोकं असं काही तापलं होतं की आता लिहितेच.

हा दिवाण मी स्वतः बनवलाय. चार महिने, प्रत्येक शनिवार-रविवार. करवत चालवताना माझा हात थरथरत नाही, गुण्या लावल्याशिवाय मी रेघ मारत नाही, मोजमाप दोनदा घेते. हे सगळं आधीच सांगते, कारण ‘तुमचंच काहीतरी चुकलं असेल’ हे वाक्य मला इतक्या जणांनी ऐकवलंय की ते परत ऐकायची माझी तयारी नाही. माझं कापणं चुकलं नाही. मला जी मापं सांगितली गेली ती खोटी होती. प्लॅनमधली खोटी, वखारीतली खोटी, प्लायवुडवर छापलेली खोटी. आणि ह्या तीन खोट्या मापांची बेरीज माझ्या मुलीच्या पलंगाखाली लटकतेय.

प्लॅनपासून सुरू करते. मूळ प्लॅन अमेरिकन होता, पण मी घेतला तो ‘भारतीय मापात रूपांतरित’ केलेला. पैसे मोजून घेतला. त्यात गादीची जागा किती दिली होती? ९६५.२ बाय १९०५ मिलिमीटर. ते पॉइंट दोन बघा. जन्मात कधी हातात करवत धरलेला माणूस ९६५.२ लिहील का? ३८ बाय ७५ इंच ही तिकडच्या ‘ट्विन’ गादीची साइज आहे. ३८ला २५.४ने गुणलं, ७५ला २५.४ने गुणलं, संपलं ह्यांचं रूपांतर. आपल्याकडे सिंगल गादी मिळते ७२ बाय ३६, नाहीतर ७५ किंवा ७८ बाय ३६. अडतीस इंच रुंदीची तयार गादी मला पुण्यात एकाही दुकानात मिळाली नाही. आमची होती ७२ बाय ३६ची. म्हणजे पायाशी ३ इंच आणि बाजूला २ इंच उघडी फट. त्या फटीत रात्री पोरीचा पाय जातो, उशी जाते, चादर जाते. रूपांतर करणाऱ्यानं एका गादीवाल्याला फोन केला असता तर पाच मिनिटांत कळलं असतं.

मी गादी का नाही आधी मोजली? मोजली होती. मोजली म्हणूनच प्लॅनवाल्याला विचारलं की आतलं माप बदलायचं तर पट्ट्या आणि ड्रॉवरची विभागणी कशी बदलते. उत्तर आलं, ‘फोमवाल्याकडून गादी बनवून घ्या, थोडं अ‍ॅडजस्ट करा.’ लाकूड तोवर कापून झालं होतं.

आणि ही तर त्यातली छोटी चूक. मोठी चूक पायांची.

प्लॅनमध्ये पाय होते ‘टू बाय फोर’चे. अमेरिकेत ज्या लाकडी तुकड्याला ‘टू बाय फोर’ म्हणतात तो दोन बाय चार इंच नसतोच. तो असतो दीड बाय साडेतीन. लाकूड ओलं असताना मोठ्या मापाचं कापतात, मग सुकवतात, चारी बाजूंनी रंधतात आणि उरतं ते ३८ बाय ८९ मिमी. तिथं हे सगळ्यांना माहीत असतं, कुठल्याही दुकानात जा, प्रत्येक तुकडा तेवढाच मिळतो. त्यामुळे तिकडचा प्लॅन बनवणारा नाव लिहितो ‘२ बाय ४’, पण आडव्या पट्ट्यांची लांबी काढताना पायाची जाडी म्हणून वजा करतो दीड इंच. आमच्या रूपांतरकारानं पायांच्या रकान्यात लिहिलं ५०.८ बाय १०१.६. आणि पट्ट्यांची लांबी? ती मूळ प्लॅनमधली, दीड इंच धरून काढलेली, तशीच गुणून टाकली. एकाच कागदावर दोन वेगळी लाकडं! पाय दोन इंचांचे, पट्ट्या दीड इंची पायांना बसणाऱ्या. दोन्ही बाजू मिळून बरोबर एक इंच फरक.

मी काय केलं? कागदावर ५०.८ लिहिलंय म्हणून रंधा मारल्यावरही पूर्ण दोन इंच राहावेत अशी सव्वादोन इंचाची कटाई करून घेतली. सागवानात. कारण त्या प्लॅनमध्ये एक ओळ होती, ‘पाइन न मिळाल्यास सागवान चालेल.’ इथं बाजारात पाइन म्हणजे बहुतेक पॅकिंगच्या खोक्यांतून निघालेल्या गाठाळ फळ्या, म्हणून मी सागवान घेतलं. घनफुटाला हजारो रुपये मोजून. सगळं लाकूड घरी आणून, घासून, खाचा पाडून, गोंद न लावता नुसतं जुळवून पाहिलं तेव्हा सांगाडा एक इंच लांब आला. मी रात्री अकरा वाजता टेप घेऊन परत परत मोजत होते. नवरा म्हणाला, झोप आता, उद्या बघू. मला झोप लागली नाही. पहाटे चार वाजता मूळ इंग्रजी प्लॅनचं चित्र काढून बघितलं तेव्हा हा घोळ लक्षात आला. दीड इंचाचे पाय हवे होते. मी जास्तीचे पैसे देऊन, जास्त मेहनत करून, बरोब्बर चुकीचं लाकूड आणलं होतं.

आता वखार. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये मी पहिल्यांदा गेले तेव्हा काउंटरवरच्या माणसानं माझ्या हातातली यादी घेतलीच नाही. ‘मिस्त्रीला पाठवा मॅडम.’ मी म्हटलं, मिस्त्री नाहीये, मीच करणारे. तो माझ्या मागं बघायला लागला, कोणी पुरुष येतोय का म्हणून. हे एकदा नाही, तीन दुकानांत झालं. पण तो राग मी एक वेळ गिळते. जो गिळवत नाही तो मापाचा आहे.

घनफुटाचा हिशेब सोपा आहे. रुंदी इंचात, जाडी इंचात, लांबी फुटात, गुणाकाराला १४४नं भागायचं. २ बाय ४ची सहा फुटी पट्टी म्हणजे ४८ भागिले १४४, एक तृतीयांश घनफूट. बिल तेवढ्याचं होतं. घरी येऊन टेप लावली तर पट्टी निघाली एक इंच सहा सूत बाय तीन इंच सहा सूत. आठ चौरस इंचांचे पैसे दिले, हातात आले साडेसहा. बाकीचं करवतीच्या पात्याखाली भुसा होऊन वखारीतच राहिलं आणि त्याचे पैसे मी भरले. विचारलं तर म्हणे, ‘कटाईत जातंच ना मॅडम, सगळीकडे असंच असतं.’ बरं, जातं ना? मग सगळ्या पट्ट्यांत सारखं तरी जाऊ द्या! बारा पट्ट्यांपैकी काही सहा सूत, काही पाच सूत, आणि एक तर एका टोकाला सात अन् दुसऱ्या टोकाला पाच. सूत हे आपल्या सुतारांचं किती चांगलं माप आहे. आठ सुतांचा इंच, एक सूत म्हणजे ३ मिमीच्या किंचित वर. डोळ्यांना दिसेल आणि बोटाला जाणवेल एवढं नेमकं माप. ते असून ह्यांच्या पट्टीत दोन-दोन सुतांचा फरक पडतो आणि कोणालाच त्याची लाज वाटत नाही.

सुकलेलं आहे का विचारलं तर छातीवर हात ठेवून ‘एकदम ड्राय’. जुलै महिना होता. बाहेर ताडपत्रीखाली रचलेलं लाकूड. ओलाव्याचं मीटर लावलं तर वीस टक्के. फर्निचरला दहा-बारा टक्क्यांच्या वर लाकूड घेऊ नये. माझ्याकडे मीटर आहे हे बघून त्याचा चेहरा बदलला, पण उत्तर तेच. ‘पंख्याखाली ठेवा आठ दिवस.’ दोन इंची लाकूड आठ दिवसांत पंख्याखाली सुकत नाही. मी दोन महिने थप्पी लावून ठेवलं, मध्ये पट्ट्या घालून हवा खेळती ठेवली, तरी जानेवारीत दोन पट्ट्या वाकल्याच.

आणि शेवटी प्लायवुड, ज्याच्यामुळे आजची सकाळ गेली.

ड्रॉवरला १९ मिमी प्लाय हवा होता. बिलावर १९, शीटवर छापलंय १९. घरी जाडी मोजायचा कॅलिपर लावला. एका कोपऱ्यात १७.२, मध्ये १७, दुसऱ्या कोपऱ्यात १६.८. प्लायवुडच्या आयएस ३०३ ह्या भारतीय मानकात ६ मिमी आणि त्यावरच्या जाडीला पाच टक्के कमी-जास्त चालतं. १९चे पाच टक्के म्हणजे एक मिलिमीटरसुद्धा होत नाही. मला दोन कमी मिळाले.

दोन मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटणाऱ्यांसाठी हा हिशेब मांडते, कारण मला प्रत्येक जण हेच म्हणतो. खालच्या खोक्याची बाहेरची लांबी ठरलेली, आत तीन ड्रॉवर, म्हणजे चार उभ्या फळ्या. प्रत्येक फळी २ मिमी बारीक, एकूण ८ मिमी. ते तीन खणांत वाटले, तर प्रत्येक खण अडीच मिमीहून जास्त रुंद झाला. आता ड्रॉवर. त्याची पुढची-मागची फळी प्लॅनच्या मापानं कापलेली, दोन बाजूंच्या फळ्या २-२ मिमी बारीक, म्हणजे ड्रॉवर ४ मिमी अरुंद. खण मोठा झाला, ड्रॉवर लहान झाला. मधली फट साडेसहा मिमीहून जास्त वाढली. टेलिस्कोपिक चॅनलला प्रत्येक बाजूला अर्धा इंच जागा लागते, त्यात फार तर एखाद्या मिलिमीटरची सूट मिळते. साडेसहा कुठून मिळणार? दोन ड्रॉवर मी चॅनलच्या मागं पातळ पट्ट्या लावून आणले ताळ्यावर. तिसऱ्यात फळीची जाडीच वर-खाली असल्यामुळे पट्टी लावूनही चॅनल समांतर बसत नाही. भरलेला ओढला की निसटतो.

दुकानात परत गेले, कॅलिपर घेऊन. त्याच्या समोर त्याच्याच शीटला लावला. तो म्हणाला, ‘मॅडम, वर सनमायका लागला की भरून निघतं. मिस्त्री लोक जागेवर अ‍ॅडजस्ट करून घेतात.’

हेच. हेच वाक्य मला वखारीत मिळालं, प्लॅनवाल्याकडून मिळालं आणि बोहरी आळीत स्क्रू घ्यायला गेले तिथंही मिळालं. तिरक्या भोकात बसायचा चपट्या बुडाच्या डोक्याचा स्क्रू मागितला तर काळे ड्रायवॉल स्क्रू पुढ्यात टाकले, ‘हेच चालतात, सगळे हेच नेतात.’ सागवानात आधी भोक पाडूनसुद्धा पाच स्क्रूंची डोकी तुटली. दांडा आत, डोकं बिटाबरोबर बाहेर. ते तुटलेले दांडे अजून लाकडात आहेत.

सगळा बाजार मिस्त्रीच्या हाताच्या भरवशावर चाललाय. तो फळी लावून बघतो, रंधा मारतो, फट राहिली तर पाचर घालतो, पुट्टी भरतो, वरून मायका चिकटवतो. त्याच्या कसबाबद्दल मला आदरच आहे. वीस वर्षांच्या अनुभवातून त्यानं ते कमावलंय. पण त्याच्या कसबाच्या आड लपून तुम्ही १७चं १९ विकता! त्यालाही तुम्ही फसवताच. त्याचे दोन तास त्या फटी भरण्यात जातात आणि घरमालक त्यालाच बोलतो की काम सफाईदार नाही. त्याच्या तोंडावर कमिशन फेकलं की तो गप्प बसतो. मी कमिशन घेत नाही, म्हणून मी ‘फार बारीक बघणारी बाई’.

हो, बघते बारीक. चार महिने शनिवार-रविवार देऊन, तळहाताला फोड आणून मी माझ्या मुलीसाठी वस्तू बनवलीये. तिनं स्वतः पॉलिश कागदानं घासून दिलेत पाय, नाकात भुसा जाऊन शिंका देत देत. तिला मी सांगितलं होतं की नीट मोजलं आणि नीट कापलं तर नीट बसतं. आणि आज ती मला विचारत होती, आई, आपण तर नीट मोजलं होतं ना?

दुपारी मी दुकानात फोन केला. नवीन शीट हवी होती, तिसऱ्या ड्रॉवरच्या दोन फळ्या नव्यानं करायच्या म्हणून. विचारलं, १९ खरंच १९ आहे का? तो म्हणाला, ‘१९च आहे मॅडम, थोडं इकडंतिकडं असतं.’ मी म्हटलं, किती इकडं आणि किती तिकडं ते आकड्यात सांगा, मी त्या आकड्यावर कापते. सतराचं असेल तर सतरा म्हणा, सोळा असेल तर सोळा म्हणा, मी सोळाचे पैसे देते आणि सोळाचा ड्रॉवर करते. त्यानं फोन ठेवला.