अमेरिकेतील बंदुका आणि आपण लावलेल्या पाट्या

मुलांना अमेरिकेत शिकायला पाठवणाऱ्या पालकांमध्ये एक संदेश वरचेवर फिरतो. त्याचा आशय असा: तिथे कुणीही दुकानात जाऊन बंदूक विकत घेतो, बहुतेक बळी शाळा-कॉलेजांत घुसलेल्या माथेफिरूंच्या गोळीबारात जातात, रिपब्लिकन तेवढे बंदूकवाले आणि डेमोक्रॅट बंदूकविरोधी, म्हणून ‘लिबरल’ राज्य निवडावे, म्हणजे मूल सुरक्षित. माझी भाची तिकडे शिकते, त्यामुळे या संदेशामागची धास्ती मला परकी नाही. पण नेमक्या त्या धास्तीपोटीच त्यातली विधाने तपासून पाहिली पाहिजेत, कारण चुकीच्या ठिकाणी भीती बाळगणारा पालक खऱ्या धोक्याबद्दल मुलाशी बोलतच नाही.

सर्वांत मोठी चूक बळींविषयीची आहे. 2021 मध्ये अमेरिकेत बंदुकीने 48,830 मृत्यू झाले, म्हणजे दिवसाला सरासरी 130 हून अधिक. त्यांपैकी 26,328 आत्महत्या होत्या, तर 20,958 खून. निम्म्याहून अधिक माणसे स्वतःच्याच हातून गेली, आणि त्यांची बातमी आपल्यापर्यंत कधी आलीच नाही. आत्महत्येचा विचार पुष्कळदा तीव्र पण अल्पकाळ टिकणारा असतो. त्या वेळी हाताशी कोणते साधन आहे यावर जीव वाचणे अवलंबून राहते. बंदुकीने केलेल्या प्रयत्नांत दहापैकी सुमारे नऊ जण मरण पावतात, तर औषधांच्या अतिसेवनातून बहुसंख्य वाचतात. म्हणूनच वायोमिंग, मोंटाना, अलास्का अशा विरळ वस्तीच्या आणि घरोघरी बंदुका असलेल्या राज्यांत आत्महत्यांचे प्रमाण फार मोठे आहे. परदेशी एकट्या पडलेल्या विद्यार्थ्याच्या पालकांनी खरोखर लक्षात ठेवावी अशी एखादी गोष्ट असेल, तर ती 988 हा मानसिक संकटातील मदतीचा दूरध्वनी क्रमांक आहे. तो संपूर्ण अमेरिकेत 2022 पासून सुरू आहे.

याचा अर्थ शाळांतील गोळीबार किरकोळ आहेत असा मुळीच नाही. 2022 च्या मे महिन्यात टेक्सासमधील युव्हाल्डी येथे 19 मुले आणि दोन शिक्षिका मारल्या गेल्या. अशा घटनेपुढे टक्केवारी मांडणे निर्दयपणाचे ठरेल. शिवाय 2020 पासून अमेरिकेतील एक ते एकोणीस वर्षे वयाच्या मुलांच्या मृत्यूंमागे बंदूक हे पहिल्या क्रमांकाचे कारण ठरले आहे. मात्र त्यांतील फार थोडी मुले शाळेच्या आवारात मरतात. बहुतेकांचा जीव घरात, रस्त्यावर, ओळखीच्या माणसांत जातो. शस्त्राबाबतही हेच आहे. आपल्या डोळ्यांसमोर लष्करी धाटणीची रायफल येते, पण 2019 मध्ये बंदुकीने झालेल्या ज्या 10,258 खुनांची नोंद एफबीआयकडे झाली, त्यांपैकी 6,368 पिस्तूल-रिव्हॉल्व्हरने झाले होते आणि 364 रायफलने. उरलेल्यांपैकी बहुतेकांत शस्त्राचा प्रकारच नोंदलेला नव्हता.

‘कुणीही विकत घेतो’ हे अर्धसत्य आहे. परवानाधारक विक्रेत्याला गिऱ्हाइकाचा पूर्वेतिहास तपासावाच लागतो आणि एकवीस वर्षांखालील व्यक्तीला तो पिस्तूल विकू शकत नाही. खरी फट वेगळीच आहे: एकाच राज्यातील दोन खासगी व्यक्तींमधील विक्रीला केंद्रीय कायद्याने ही तपासणी सक्तीची केलेली नाही. काही राज्यांनी ती स्वतःहून सक्तीची केली, अनेकांनी केली नाही.

आता पक्षांच्या पाट्या. आज डेमोक्रॅटिक पक्ष एकंदरीत नियंत्रणाच्या बाजूचा आहे आणि रिपब्लिकन पक्ष विरोधात, हे खरेच आहे; पण या पाट्या माणसांवर आणि राज्यांवर नीट बसत नाहीत. कॅलिफोर्नियात भरलेली बंदूक उघडपणे बाळगण्यावर बंदी आणणाऱ्या 1967 च्या कायद्यावर सही केली ती रिपब्लिकन गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्लॅक पँथर संघटनेचे कार्यकर्ते शस्त्रे घेऊन गस्त घालत होते, ही त्यामागची पार्श्वभूमी होती. डाव्या विचारांचे म्हणून ओळखले जाणारे व्हरमाँटचे बर्नी सँडर्स यांनी 1993 मध्ये बंदूक विकण्यापूर्वी पूर्वेतिहास तपासणी सक्तीची करणाऱ्या ब्रेडी कायद्याविरुद्ध मत दिले, कारण त्यांचे मतदार शिकारी होते. 2013 मध्ये पूर्वेतिहास तपासणी वाढवण्याचा प्रस्ताव सिनेटमध्ये 54 विरुद्ध 46 असा, म्हणजे आवश्यक 60 मतांअभावी पडला, तेव्हा मोंटाना, अलास्का, नॉर्थ डकोटा आणि आर्कान्सा येथील डेमोक्रॅट सदस्य विरोधात होते, तर रिपब्लिकन जॉन मॅकेन बाजूने. पार्कलंडच्या शाळेत 17 जण मारले गेल्यानंतर 2018 मध्ये फ्लोरिडात बंदूकखरेदीचे वय वाढवणाऱ्या कायद्यावर रिपब्लिकन गव्हर्नरचीच सही आहे. ‘लिबरल’ हा शब्द तर देश ओलांडला की उलटतो: पोर्ट आर्थर येथील गोळीबारातील 35 बळींनंतर 1996 मध्ये ऑस्ट्रेलियात सुमारे साडेसहा लाख बंदुका सरकारजमा करवणारे पंतप्रधान जॉन हॉवर्ड लिबरल पक्षाचे होते, आणि तो तिथला उजवा पक्ष आहे.

मग राज्य निवडण्याचा सल्ला? मॅसॅच्युसेट्समध्ये बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंचा दर खूप कमी आणि मिसिसिपीत खूप जास्त, एवढ्यावरून तो पटण्यासारखा वाटतो. पण 2008 पासून प्रत्येक अध्यक्षीय निवडणुकीत डेमोक्रॅटांना कौल देणारे न्यू मेक्सिको याच दरात देशातील वरच्या राज्यांत मोडते. विद्यापीठापुरते बोलायचे तर विचारण्याजोगा प्रश्न पक्षाचा नसून नियमाचा आहे. टेक्सासमधील सरकारी विद्यापीठांत परवानाधारकाला लपवलेले पिस्तूल घेऊन आवारात येण्याची मुभा 2016 पासून आहे. इलिनॉयमध्ये ती नाही. प्रवेश घेण्यापूर्वी हा नियम आणि भाड्याच्या घरातील सहनिवासी बंदूक ठेवतो का, या दोन गोष्टी पालकांनी विचाराव्यात.