‘हिपॅटायटिस परत येतोच’: पण कुठला?

“क्रॉनिक हिपॅटायटिस बरा होतच नाही. औषधाने विषाणू यकृतात नुसता झोपतो, चार-पाच वर्षांनी उठतोच. अँटिबॉडी पॉझिटिव्ह येत राहते, हाच पुरावा. मग कशाला औषधं घ्यायची?” असा मजकूर फिरतोय. लिहिणाऱ्याने हिपॅटायटिस बी आणि सी हे दोन वेगळे विषाणू एकाच पोत्यात भरलेत.

‘झोपतो’ हे बीच्या बाबतीत खरंच आहे. तो यकृतपेशीच्या केंद्रकात आपल्या डीएनएचं बंद कडं ठेवून बसतो. टेनोफोव्हिर, एन्टेकाव्हिर ही बीची औषधं विषाणूच्या नव्या प्रती रोखतात, पण कडं तसंच राहतं. म्हणूनच रिपोर्ट चांगला आला म्हणून गोळी मनाने बंद केली की आजार उसळतो, कधी यकृत निकामी होण्यापर्यंत. सीचं तसं नाही. तो आरएनए विषाणू (त्याचं जनुकीय द्रव्य डीएनए नव्हे, आरएनए), केंद्रकात असं कडं ठेवतच नाही. त्याची पैदास पुरती थांबली की मागे दडायला जागा नाही.

‘उठतोच’? सी उलटायचा असेल तर बहुतेक वेळा औषध संपल्यावर काही आठवड्यांतच उलटतो. त्यासाठीच औषध संपल्यावर १२ आठवड्यांनी रक्तात विषाणूचा आरएनए तपासतात. तेव्हा तो सापडला नाही, तर नंतर उलटण्याचं प्रमाण शंभरात एकाहूनही कमी. काही वर्षांनी पुन्हा सापडलाच, तर बहुधा नवी लागण असते. जुन्या-नव्या विषाणूचा जनुकक्रम ताडून पाहिला की ते कळतं. सी एकदा होऊन गेला म्हणजे पुन्हा होणार नाही, असं नसतं.

अँटिबॉडीचा ‘पुरावा’ तर हास्यास्पद. अँटिबॉडी म्हणजे विषाणूविरुद्ध शरीराने बनवलेली प्रथिनं, विषाणू नव्हे. सीच्या (एचसीव्ही) रिपोर्टवर वर ‘अँटी-एचसीव्ही : रिअ‍ॅक्टिव्ह’, म्हणजे अँटिबॉडी आहे, आणि खाली ‘एचसीव्ही आरएनए : नॉट डिटेक्टेड’, म्हणजे विषाणू सापडला नाही, असं असतं. वरची ओळ बऱ्या झालेल्यांचीही बहुधा आयुष्यभर तशीच राहते. वाचायची ती खालची. घरचे मात्र वरचीच वाचून हाय खातात.

मजकुरात नसलेली, पण खरोखर काळजीची गोष्ट वेगळीच आहे. सिरॉसिस (यकृत व्रणांनी कडक होणं) झालेला असेल, तर सी बरा झाल्यावरही यकृताच्या कर्करोगाचा धोका राहतो. दर ६ महिन्यांनी सोनोग्राफी सुटत नाही. आणि बी-सी दोन्ही असतील, तर सी हटताच दबलेला बी उसळू शकतो. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१६ मध्ये सीच्या नव्या गोळ्यांवर तसा ठळक इशाराच छापायला लावला. तेव्हा सीची पहिली गोळी घेण्याआधी बीची तपासणी झाली आहे का, एवढं डॉक्टरांना विचारा.