दुसरं म्हणजे कितवं?

काल कट्ट्यावर इंग्लंडमधल्या ग्लास्टनबरी संगीत महोत्सवाच्या ‘अदर स्टेज’चा विषय निघाला आणि अंधार पडला तरी कोणी उठेना.

ठिणगी अण्णांनी टाकली. “दुसरं स्टेज म्हणजे पायरी. तिथे हात साफ करायचा, नाव काढायचं ते पिरॅमिडवर, मुख्य स्टेजवर.” पुरावा त्यांच्याकडे तयारच होता. ओअ‍ॅसिस १९९४ च्या जूनमध्ये या स्टेजवर वाजवून गेले, तेव्हा या बँडचा पहिला अल्बम यायला दोन महिने होते. पुढच्याच वर्षी ते पिरॅमिडवर हेडलाइनर, म्हणजे रात्री शेवटी वाजवणारं मुख्य नाव. “आणि तो रॅपर स्टॉर्मझी? २०१७ ला अदर, २०१९ ला पिरॅमिड. ही बढती नाही तर काय?”

बंटी उसळलाच. “अण्णा, तुम्ही १९९४ म्हणता आणि ऑर्बिटलचं नावही काढत नाही?”

इथून पुढे मीही गप्प बसलो नाही, कारण त्या रात्रीबद्दल मला फार वाटतं. तेव्हा हे स्टेज एनएमई या संगीत साप्ताहिकाच्या नावाने ओळखलं जायचं. शनिवारची रात्र. ऑर्बिटल म्हणजे फिल आणि पॉल हार्टनॉल, हे दोघे भाऊ यंत्रांच्या ढिगाऱ्यामागे उभे. गायक नाही, गिटार नाही, पुढे येऊन हात उंचावणारा कोणी नाही. दोघांच्या चष्म्यांच्या काड्यांना छोटे टॉर्च लावलेले, म्हणजे काळोखात बटणं दिसावीत. खालच्या गर्दीला दिसत होते ते प्रकाशाचे चार ठिपके, ठोक्याबरोबर वरखाली होणारे. त्याच वर्षी चॅनल फोरने महोत्सव पहिल्यांदा टीव्हीवर आणला होता, त्यामुळे हे घरोघरी पोचलं.

आणि ते वर्ष कसलं होतं! उघड्यावरच्या रेव्ह पार्ट्या मोडून काढायचे अधिकार पोलिसांना देणारं विधेयक ब्रिटिश संसदेपुढे होतं. कुठलं संगीत, तर ज्यात एकामागून एक तेच ते ठोके येतात ते, अशी व्याख्या चक्क कायद्यात लिहिली गेली. नोव्हेंबरात तो कायदा झालाही. ज्या संगीताला सरकार शेतांतून हाकलत होतं, त्याला महोत्सव भरतो त्या वर्दी फार्मवर हजारोंसमोर जागा मिळाली ती या ‘दुसऱ्या’ स्टेजवर. पुढच्या वर्षी तर महोत्सवात डान्स टेंटच उभा राहिला.

“म्हणजे सोय झाली,” अण्णा म्हणाले. “मोठ्या स्टेजवर जागा नव्हती म्हणून.”

तेव्हा ताई बोलली. ती कार्यक्रमांच्या लाइट्सचं काम करते, त्यामुळे तिचा मुद्दा आमच्या कोणाच्या डोक्यात आला नव्हता. “जूनअखेर तिकडे सूर्य साडेनऊच्या आसपास मावळतो. दिवसभर कितीही बँड वाजवा, उन्हात लाइट्सचा उपयोग काय? अंधार मिळतो तो शेवटच्याला. एकच स्टेज असेल तर रात्रीला एकच अंधार. दुसरं स्टेज उभारलं की आणखी एकाला अंधार मिळतो. दुपारी चार वाजता ते टॉर्च कोणाला दिसले असते?”

अण्णा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “पण बढती तर होतेच ना?”

होते, ते मी नाकारत नाही. पण सगळे चढायलाच येतात असं नाही. २०१० च्या शेवटच्या रात्री पिरॅमिडवर स्टीव्ही वंडर होता आणि त्याच वेळी अदर स्टेज बंद करायला ऑर्बिटल होते, त्या रात्रीनंतर सोळा वर्षांनीही. ‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश टीव्ही मालिकेच्या धुनेला मॅट स्मिथ, म्हणजे तेव्हाचा खुद्द डॉक्टर, तसाच टॉर्चचा चष्मा घालून त्यांच्यासोबत उभा राहिला. हे ‘वर जायचं राहून गेलं’ म्हणून आलेले लोक वाटतात का?

माझं म्हणणं एवढंच की गोंधळ आपल्या शब्दाचा आहे. मराठीत ‘दुसरं’ म्हणजे दोन नंबरचंही आणि निराळंही. अण्णा पहिला अर्थ धरून बसलेत. त्या स्टेजला नाव ठेवताना ‘सेकंड’ ठेवलं नाही, ‘अदर’ ठेवलं.

“शब्दांचे खेळ,” अण्णा म्हणाले, पण उठले नाहीत. बंटीचा फोन त्यांनी हातात घेतला. “ते चष्म्याचं लाव. चौऱ्याण्णवचं.”