छोटी गाडी घेताय? अभिनंदन!

नवी, छोटी, परवडणारी गाडी घ्यायला निघालात? मग पेपरातली जाहिरात कापून सोबत न्या. शोरूममधल्या पोरांना तेवढीच करमणूक. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, सेसही गेला, हे छाती फुगवून सांगा. पोरगा मान डोलावेल आणि तुम्हाला थेट एसयूव्हीपाशी नेऊन उभं करेल. "सर, आता सगळे हेच घेऊन राहिले. ग्राउंड क्लिअरन्स पाहा ना!" ती आपल्या नागपूरच्या इतवारीच्या गल्लीत शिरणार कशी, हे विचारू नका.

बेस मॉडेल मागू नका. त्याचा मुक्काम जाहिरातीत असतो.

ऑनरोड किंमत मात्र बसून ऐका. मी परवा वर्धा रोडवरच्या एका शोरूममध्ये उभ्यानं ऐकली. रोड टॅक्स ११ टक्के. ठीक, सरकारचा आहे. थर्ड पार्टी विमा एकदम तीन वर्षांचा; तेही ठीक, २०१८ पासून नियमच आहे. पण विमा त्यांच्याकडूनच घ्यायचा! खाली 'हँडलिंग चार्जेस'. कशाचं हँडलिंग बे? गाडी काय डोक्यावर घेऊन आणली? त्याखाली अंडरबॉडी कोटिंग, गंजू नये म्हणून. नागपुरात! फुटाळा तलावाची खारी हवा लागते ना! मग मॅट, मडफ्लॅप, सीट कव्हर, परफ्यूम, सगळं 'कम्पल्सरी'. काढा म्हटलं तर, "सर, मग डिलिव्हरी पुढं जाईल." म्हणजे परफ्यूमशिवाय गाडी कारखान्यातून निघतच नाही.

जुन्या आठवणी काढू नका. मारुती ८०० गेली २०१४ मध्ये, नॅनो २०१८ मध्ये, सँट्रो २०२२ मध्ये, अल्टो ८०० २०२३ मध्ये. तेराव्याला कोणी बोलावलं नाही.

नाहीतर स्कूटरच बरी. मे महिन्यात पोराला पुढं उभं करा, बायकोला मागं बसवा, तोंडाला दुपट्टा गुंडाळा. समृद्धी महामार्ग आपल्याच गावातून सुरू होतो, पण तिकडं फिरकू नका. दुचाकीला बंदी आहे.

आणि कंपनीवाल्यांनो, शोरूमवाल्यांनो, "गिऱ्हाइकालाच छोटी गाडी नको" म्हणता? दाखवली कधी? कोपऱ्यात धूळ खात एक उभी करायची, टेस्ट ड्राइव्हला द्यायची नाही, सात वर्षांच्या हप्त्यांचं गणित मांडून माणसाला दुप्पट किमतीच्या गाडीत कोंबायचं आणि वर त्याचीच आवड बदलली म्हणायचं? लाज वाटली पाहिजे. जे मॉडेल विकायचंच नाही, त्याची किंमत छापता कशाला? विमा कुठून घ्यायचा ते गिऱ्हाईक ठरवेल. अन् हँडलिंगचे पैसे पाहिजेत ना? मग कशाचे घेतले ते पावतीवर लिहून द्या, सही-शिक्क्यानिशी.