क्विझमास्तरची साडेसाती

क्विझमधे उत्तरं देणारा माणूस सुखी असतो, त्याला फक्त स्वतःचं अज्ञान सांभाळायचं असतं. प्रश्न काढणाऱ्याला सगळ्या ग्रुपचं ज्ञान सांभाळावं लागतं आणि ते फार जड जातं राव.

आमचा एक ऑनलाइन क्विझ ग्रुप आहे. विषयांचा ड्रॉ निघतो, ज्याच्या नावावर जो निघेल त्याने त्यावर प्रश्न काढायचे. माझ्या नावावर दोन निघाले, एक म्हणजे शेजारी देश आणि दुसरा बंदी घातलेली पुस्तकं. विषय ऐकून ग्रुपमधल्या वकील मैत्रिणीने लगेच हसण्याची इमोजी टाकली, तेव्हाच मी रजेचा अर्ज टाकायला हवा होता.

पहिला प्रश्न एकदम दुधखुळा ठेवला. सगळ्यात जास्त देशांशी जमिनीची सीमा कुणाची? चीन आणि रशिया, दोघांना 14-14 शेजारी, हे कुठल्याही जीकेच्या पुस्तकात असतं. दोन्ही उत्तरांना मार्क देऊन पुढे सरकणार तेवढ्यात काकांचा माइक सुरू झाला. (हे नक्की कुणाचे काका आहेत ते आजवर कुणाला कळलेलं नाही, ग्रुप बनला तेव्हापासून आहेत.) "चीनचे 14 मोजून दाखव बरं." मी मोजायला लागलो, मंगोलिया, उत्तर कोरिया, व्हिएतनाम, लाओस असं करत करत पाकिस्तानपाशी आलो आणि काका म्हणाले, "थांब. हे दोघं एकमेकांना भिडतात कुठे?" आता भिडतात ते पाकव्याप्त काश्मीरमधे, आणि आपल्या नकाशात ती जमीन आपली. म्हणजे आपल्या हिशोबाने चीनचे शेजारी 13! आणि त्याच हिशोबाने अफगाणिस्तान आपला शेजारी होतो, 106 किलोमीटरची सीमा आपल्या गृह मंत्रालयाच्या यादीत आहे, फक्त तिथपर्यंत आपल्याला जाता येत नाही एवढंच.

काकांना उत्तर देता देता घाम फुटला होता, त्यात कुणीतरी रशिया उकरला. पोलंड आणि लिथुआनिया हे रशियाचे शेजारी निव्वळ कालिनिनग्राडमुळे, तो बाकीच्या रशियापासून सुटा पडलेला तुकडा आहे. तो धरला तर 14, नाही धरला तर 12. पण रशियाने 2008 साली अबखाझिया आणि दक्षिण ओसेतियाला स्वतंत्र देश म्हणून मान्यता दिलीये, तेव्हा रशियाला विचारलं तर 16. एका प्रश्नाला 12, 13, 14 आणि 16 अशी चार उत्तरं आली आणि चौघांनाही मार्क हवे होते.

दुसरा प्रश्न मला स्वतःला फार आवडतो म्हणून ठेवला होता. फ्रान्सची जमिनीवरची सगळ्यात लांब सीमा कुणाशी? स्पेन, बेल्जियम, जर्मनी सगळं येऊन गेलं. उत्तर ब्राझील. दक्षिण अमेरिकेतलं फ्रेंच गयाना ही काही जुनी वसाहत वगैरे राहिलेली नाही, तो कायद्याने फ्रान्सच आहे, तिथे युरो चालतो, आणि ब्राझीलशी असलेली त्याची सीमा 700 किलोमीटरच्या वर जाते. यावर 'वा' असं एकजण म्हणाला, बाकी सगळे 'ही चीटिंग आहे' म्हणाले. बरं, फ्रान्सने केलेल्या चीटिंगचे मार्क माझे का कापायचे?

डेन्मार्कला जमिनीवर शेजारी किती, या प्रश्नावर तर भांडण व्हायच्या ऐवजी सगळे हळवेच झाले. डेन्मार्कचं ग्रीनलंड आणि कॅनडा यांच्या मधे हान्स नावाचं एक उजाड बेट आहे, त्यावर दोघांचा दावा होता, आणि दोन्हीकडची माणसं आलटून पालटून जाऊन दुसऱ्याचा झेंडा काढायची, आपला लावायची आणि समोरच्यासाठी दारूची एक बाटली ठेवून यायची. 2022 साली त्यांनी समजुतीने बेट वाटून घेतलं, त्यामुळे आता डेन्मार्कला जमिनीवर दोन शेजारी, जर्मनी आणि कॅनडा. काका म्हणाले, भांडण असावं तर असं. (काकांनी एका प्रश्नावर तरी मान्यता दिली याची नोंद घ्यावी.)

मग पुस्तकं आली आणि वकीलबाईंनी सूत्रं हातात घेतली. मी विचारलं, 'अ‍ॅलिस इन वंडरलँड'वर 1931 मधे चीनच्या हुनान प्रांतात बंदी कशासाठी आली? उत्तर असं की त्यात प्राणी माणसांची भाषा बोलतात, त्याने मुलं प्राण्यांना आणि माणसांना एकाच पातळीवर समजायला लागतील अशी तिथल्या गव्हर्नरला भीती होती. वकीलबाई म्हणाल्या, प्रांतात बंदी म्हणजे देशात बंदी नव्हे, प्रश्न रद्द करा. अहो, प्रश्नातच प्रांत म्हटलंय! तर म्हणे, मोठ्याने नाही म्हटलं.

मग मी टेक्सासची गोष्ट काढली. लहान मुलांच्या एका चित्रमय अस्वलाच्या पुस्तकाचा लेखक बिल मार्टिन, आणि मार्क्सवादावर पुस्तक लिहिणारा भलताच एक बिल मार्टिन. 2010 साली तिथल्या शिक्षण मंडळाने नावाच्या गोंधळात अस्वलवाल्याचंच नाव अभ्यासक्रमाच्या यादीतून उडवलं. सगळे खो खो हसले, वकीलबाई सोडून. "यादीतून काढणं आणि बंदी घालणं यात फरक आहे." आहे हो. मान्य. पण जोकवर कुणी स्टे आणतं का?

माझा शेवट झाला तो 'लेडी चॅटर्लीज लव्हर'ने, अश्लील म्हणून बंदी आलेल्या त्या कादंबरीने. मी भोळेपणाने विचारलं, बंदी कधी उठली? माझ्या कागदावर 1960 होतं, लंडनच्या कोर्टात प्रकाशक निर्दोष सुटला ते साल. "कुठली बंदी?" वकीलबाईंनी विचारलं. अमेरिकेत 1959 लाच सुटलं होतं म्हणे, आणि आपल्याकडे तर 1964 साली सुप्रीम कोर्टाने हे पुस्तक विकणाऱ्या मुंबईच्या विक्रेत्याची शिक्षा कायम केली होती. सगळं खरं आहे, तेच तर दुःख आहे.

लिथुआनियाचा प्रश्न मी हुकुमाचा एक्का म्हणून राखून ठेवला होता, कारण त्यात शेजारीही आहे आणि बंदीही. रशियन साम्राज्याने साधारण चाळीस वर्षं, 1904 पर्यंत, रोमन लिपीतली लिथुआनियन पुस्तकं छापू दिली नाहीत. लोकांनी ती शेजारच्या पूर्व प्रशियात छापली आणि पोत्यांतून, कपड्यांखाली लपवून सीमेपलीकडून आणली, काहींनी त्यापायी जीव गमावला, काहींची सैबेरियाला रवानगी झाली. यावर क्षणभर ग्रुप खरंच गप्प झाला. मग काका म्हणाले, "पण तेव्हा लिथुआनिया देश कुठे होता? मग शेजारी देश कसा धरायचा?"

तरी एक प्रश्न उरला होता. अमेरिका आणि कॅनडाच्या सीमेवर हॅस्केल नावाची लायब्ररी आहे, 1904 सालची, मुद्दाम सीमेवरच बांधलेली. जमिनीवर काळी रेघ मारलीये, मुख्य दरवाजा अमेरिकेत आणि पुस्तकांची कपाटं कॅनडात. मी हे सांगतोय तोवर एकीने विचारलं, पुस्तकावर एकाच देशात बंदी असेल तर खुर्ची कुठे ठेवायची? दुसऱ्याने विचारलं, उशिरा परत केलं तर दंड कुठल्या डॉलरमधे? वकीलबाई म्हणाल्या, वाचताना डोकं रेघेच्या कुठल्या बाजूला होतं त्यावर ठरेल. झालं, उरलेला वेळ त्यातच गेला, स्कोअर कुणी विचारलासुद्धा नाही.

काकांनी पुढच्या वेळेसाठी मला एक सोपा विषय सुचवलाय, जगातली सगळ्यात लांब नदी. मी त्या दिवशी आजारी पडणार आहे.